खेळ खेळणे आणि खेळ रचणे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत शिकलो. त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक संतवाङ्मयावर, फार तर व्याकरणावर बोलेल, अशी संयोजकांची अपेक्षा असणार. मी विषय कळवला तो संगणकावरील खेळ रचायला शिकण्याचा. दूरध्वनीवर पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग विचारणा झाली, "सर, विषय आम्हाला नीट ऐकू आला ना?" विषय त्यांना नीटच ऐकू आला होता. तो मी का निवडला, हे सांगण्यासाठी मला गुरुजींपासूनच आरंभ केला पाहिजे.

१९६३ साल असावे. मी सातवीत होतो. शाळा सुटल्यावर मागच्या मैदानात लगोरीचा डाव रंगे आणि बहुधा भांडणाने संपे. एके दिवशी भांडण हातघाईवर आले, तेव्हा गुरुजी आले आणि मला म्हणाले, "तू फार बोलतोस, तर तूच नियम लिहून आण. उद्या त्याप्रमाणे खेळू." मी रात्री मोठ्या ऐटीत नियम लिहिले. त्यांतला एक असा होता: 'ज्याला चेंडू लागेल तो बाद.' दुसऱ्या दिवशी आमच्याच गड्याने चेंडू झेलला आणि प्रतिपक्षाने ओरडा केला, "याला चेंडू लागला, हा बाद!" पाठोपाठ ज्याने ज्याने चेंडू हाती घेतला तो बाद ठरत गेला, आणि पाच मिनिटांत आमचा संपूर्ण पक्ष कडेला येऊन बसला. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "गुरुजी, माझ्या मनात तसे नव्हते." गुरुजी हसले आणि म्हणाले, "नियम मनातला वाचला जात नाही रे, कागदावरचा वाचला जातो."

पुढे पन्नास वर्षे मी भाषा शिकलो आणि शिकवली. पण भाषेविषयी याहून मोलाचे वाक्य मला कोणत्याही ग्रंथात आढळले नाही. त्याचा पुरता अर्थ मात्र मला सत्तरी उलटल्यावर, एका नवख्या विद्येच्या उंबरठ्यावर उभा राहिल्यावर उमगला.

नियम लिहिण्याचे हे काम आपल्या बडोद्याला परके नाही, हेही गुरुजीच आम्हाला सांगत. खो-खोचे नियम बांधण्याचा पहिला संघटित प्रयत्न पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली केला आणि १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने ते नियम प्रसिद्ध केले, असे या खेळाचा इतिहास सांगतो. हुतूतूच्या नियमांना वळण देऊन १९२३ साली अखिल भारतीय पातळीवरचे सामने भरवणारा हिंदविजय जिमखानाही इथलाच. आबासाहेब मुजुमदारांनी संपादिलेला 'व्यायाम ज्ञानकोश' निघाला तोही याच नगरीतून. गल्लीगल्लीत निरनिराळ्या रीतीने खेळल्या जाणाऱ्या खेळांतून एक सर्वमान्य पाठ सिद्ध करणे, हे काम पाठसंशोधकाच्या कामाहून फारसे वेगळे नाही. ज्यांनी ते केले ते खेळाचे आस्वादक होते आणि रचनाकारही होते. आज आपली मुले खेळांत आकंठ बुडालेली आहेत. पण त्यांच्या खेळांचे नियम कोठे तरी दूर, कोणी तरी अनोळखी माणसाने लिहिलेले असतात. मला बोलायचे आहे ते या फरकाविषयी.

त्याआधी एक कबुली दिली पाहिजे. २००४ साली मी एम.ए.च्या वर्गांना शिकवत होतो. एका विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी संगणकीय खेळांतील कथनाचा विषय सुचवणारे चार पानांचे टिपण मला दिले. मी ते पुरते वाचलेही नाही. 'हा वाङ्मयाचा विषय नव्हे' असा लाल शेरा मारून परत केले. तो काही बोलला नाही. त्याने दुसरा एक मळलेला विषय घेतला, परीक्षा दिली आणि निघून गेला. त्या टिपणात काय होते, हे आज मला आठवत नाही, कारण ते मला कधी ठाऊकच नव्हते. शेरा मात्र अक्षरशः आठवतो.

आता माझ्या उशिराच्या शिक्षणाकडे येतो. माझी नात नववीत आहे, इंग्रजी माध्यमात शिकते. घरी मराठी बोलते, पण लिहायचे म्हटले की अडखळते. गेल्या वर्षी सुटीत तिने संगणकावर खेळ बनवण्याचे मनावर घेतले. त्यासाठी तिने 'स्क्रॅच' नावाची प्रणाली निवडली. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत मिचेल रेझ्निक यांच्या गटाने ती घडवली आणि २००७ साली सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. तिची मुळे सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी रचलेल्या 'लोगो' या भाषेपर्यंत पोचतात. मुलाने संगणकाकडून शिकून घेण्यापेक्षा संगणकाला शिकवावे, हे पेपर्ट यांचे सूत्र होते. स्क्रॅचमध्ये आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळ्यांवर त्या लिहिलेल्या असतात आणि ठोकळे एकाखाली एक जुळवत जायचे असते. रंगमंच ४८० एकके रुंद आणि ३६० एकके उंच असतो. त्याच्या मध्यबिंदूला शून्य मानून प्रत्येक पात्राची जागा दोन अंकांनी सांगायची.

नातीने विचारले, "आजोबा, कुठला खेळ करू?" मी म्हणालो, "खो-खो कर. त्याचे नियम मला पाठ आहेत." अशा रीतीने मी या उद्योगात ओढला गेलो.

मी तिला प्रथम संगणक बंद करायला लावला आणि नियम मराठीत लिहून काढायला सांगितले. पाठलाग करणाऱ्या पक्षाचे नऊ गडी. आठ जण मधल्या पट्टीतील चौकोनांत बसतात आणि शेजारच्या दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही. एकदा घेतलेली दिशा खांब गाठल्याखेरीज बदलता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही गोष्टींची मोकळीक. लिहिता लिहिता ती थांबली आणि म्हणाली, "म्हणजे पाठलाग करणाऱ्याला मुद्दाम पांगळं केलंय!" साठ वर्षे हा खेळ मी पाहत आलो, पण असे कधी सुचले नव्हते. एकट्याला पांगळे केले म्हणूनच खो द्यावा लागतो. खो द्यावा लागतो म्हणूनच नऊ जणांचा एक पक्ष होतो. खेळाचे सगळे सौंदर्य एका निर्बंधातून उगवलेले आहे. वृत्ताच्या निर्बंधातून कवितेला जी शक्ती लाभते, तिचे विवेचन मी वर्गात वर्षानुवर्षे केले; तेच तत्त्व मैदानावर धावत होते.

मग आम्ही रचनेला लागलो. संगणकावरचा खेळ म्हणजे एक अखंड आवर्तन असते. खेळणाऱ्याने काय केले ते पाहायचे, त्याप्रमाणे प्रत्येक पात्राची जागा आणि अवस्था बदलायची, नवे चित्र दाखवायचे आणि पुन्हा आरंभाकडे यायचे. हे सेकंदाला तीस, कधी साठ वेळा घडते. प्रत्येक गोष्टीची स्मृती ठेवण्यासाठी गणितातल्यासारखे चल लागतात. आम्ही त्यांना मराठी नावे दिली: 'दिशा', 'बसलेला', 'बाद'. यंत्राने ती निमूट स्वीकारली.

पहिल्या दिवशी काय घडले ते सांगतो. खो दिला, बसलेला गडी उठून धावू लागला; पण खो देणाराही धावतच राहिला. दुसरा खो दिला, आणखी एक उठला. थोड्याच वेळात नऊच्या नऊ गडी मैदानभर धावत सुटले. नात वैतागून म्हणाली, "कॉम्प्युटर चुकतोय." आम्ही ठोकळे पुन्हा वाचले. 'खो मिळताच ऊठ' असे आम्ही लिहिले होते; 'खो देताच त्याच्या जागी बस' असे कोठेच लिहिले नव्हते. मैदानावर ते कोणी सांगत नाही, कारण ते सर्वांना ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी पळणाऱ्याला एकदा स्पर्श झाला आणि गुणफलक एकदम तीसवर गेला. स्पर्श सेकंदभर टिकला होता आणि यंत्राने त्या सेकंदात तीस वेळा पाहिले होते. प्रत्येक वेळी स्पर्श आढळला, प्रत्येक वेळी एक गुण दिला. 'आधीच बाद झालेला नसेल तर' एवढी अट राहिली होती.

विद्यार्थ्यांनो, मराठी व्याकरणात 'अध्याहृत' असा एक शब्द आहे. वाक्यात जे उच्चारलेले नसते पण ऐकणारा मनाने भरून घेतो, ते अध्याहृत. "आलास?" एवढेच म्हटले तरी 'तू' कळतो. आपले सर्व बोलणे आणि सर्व साहित्य या अध्याहृतावर जगते. यंत्राला अध्याहृत कळत नाही. मनात असलेले आणि कागदावर न उतरलेले त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. लगोरीच्या मैदानावरची पोरे माझ्याशी जशी वागली होती, तसेच यंत्र वागते. फरक इतकाच की पोरांना खोडी काढायची होती आणि यंत्राला कोणतीच इच्छा नसते. म्हणूनच चूक दुसऱ्यावर ढकलता येत नाही. आपलेच वाक्य पुन्हा वाचायला लागते. निबंधातील शैथिल्य मी आयुष्यभर लाल शाईने दाखवत आलो. विद्यार्थी ते माझे मत समजत. इथे माझ्या नातीने स्वतःचे एकच मराठी वाक्य चार वेळा लिहिले आणि चारही वेळा ते अधिक नेमके झाले. तिला कोणी रागावले नव्हते.

परंतु नियम निर्दोष झाल्याने खेळ सिद्ध होतो, असे मात्र नाही. सर्व दुरुस्त्या झाल्यावर आमचा खो-खो अगदी बिनचूक चालू लागला आणि कमालीचा कंटाळवाणा झाला. संगणक चालवत असलेला पळणारा गडी सर्व काही तत्क्षणी पाहत असे आणि कधी सापडतच नसे. नातीने त्याला पाव सेकंद उशिरा पाहायला लावले. त्या पाव सेकंदाने तो माणूस झाला. चकू लागला, हुलकावणीला फसू लागला, आणि त्याला पकडण्यात गंमत आली. यंत्राला सर्व काही सांगायचे, आणि खेळणाऱ्याला मात्र चुकण्याची, शोधण्याची, ठरवण्याची जागा राखून ठेवायची, अशी ही दुहेरी विद्या आहे. संगणकलेखनात अध्याहृताला स्थान नाही. खेळरचनेत ते खेळणाऱ्यासाठी जाणीवपूर्वक निर्माण करावे लागते.

या विद्येच्या पूर्वसूरींकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी 'टेट्रिस' रचला, तो चित्रे काढण्याची सोयच नसलेल्या यंत्रावर. चौकोन दाखवण्यासाठी त्यांनी कंसाची चिन्हे वापरली. पाच चौकोनांच्या तुकड्यांचे एक जुने कोडे त्यांना ठाऊक होते. त्यांनी चार चौकोनांचे तुकडे घेतले, त्यांचे सातच आकार होतात. भरलेली ओळ नाहीशी व्हावी, एवढा नियम जोडला आणि खेळ जन्मला. चित्रे, संगीत, झगमगाट हे सारे मागाहून आले. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला तेव्हा पडद्यावर पंचावन्न शत्रू एकाच वेळी हलवताना यंत्र मंदावत असे. शत्रू मरत गेले की काम हलके होऊन उरलेले भराभर चालू लागत. ही यंत्राची मर्यादा होती. निशिकादोंनी ती तशीच राहू दिली, कारण शेवटी शेवटी वाढत जाणाऱ्या वेगाने खेळणाऱ्याचा श्वास रोखला जाई.

साहित्याच्या विद्यार्थ्याला तर १९८० सालचा तोरू इवातानी यांचा 'पॅक-मॅन' विशेष पाहण्यासारखा आहे. त्यात पाठलाग करणारी चार भुते आहेत. तांबडे भूत तुम्ही असाल त्या जागेवर थेट चाल करते. गुलाबी भूत तुमच्या तोंडापुढच्या चौथ्या घराचा वेध घेऊन वाट अडवते. नारिंगी भूत दूर असले की धावून येते आणि आठ घरांच्या आत आले की आपल्या कोपऱ्याकडे पळ काढते. निळे भूत आपली चाल ठरवताना तांबडे कोठे आहे तेही पाहते. कोणाच्याही तोंडी संवाद नाही. तरी एक आडदांड, एक धूर्त आणि एक भित्रे अशी ओळख खेळणाऱ्याला पटते. स्वभावचित्रणाचे इतके अल्पाक्षरी उदाहरण मला वर्गात शिकवायला मिळाले असते, तर मी आनंदाने शिकवले असते.

शिक्षकांनी मात्र 'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५ सालच्या खेळाचा पहिला टप्पा पाहावा. शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी त्यात एकही सूचना लिहिलेली नाही. पात्र डावीकडे उभे असते आणि पुढची मोकळी जागा उजवीकडे. म्हणून मूल उजवीकडे चालू लागते. एक संथ शत्रू समोरून येतो. त्याला धडकले तर डाव जातो, पण नुकसान काही क्षणांचेच. दुसऱ्यांदा मूल उडी मारते आणि वर प्रश्नचिन्ह असलेली पेटी डोक्याला लागून नाणे निघते. चालणे, उडी, धोका आणि बक्षीस हे चार पाठ मिनिटभरात, शिक्षकाने तोंड न उघडता दिले गेले. मी तर वर्गात फार बोलत असे. नातीचा खेळ शेजारच्या मुलाने प्रथम खेळून पाहिला, तेव्हा त्याने खो देण्याची कळ सतत दाबून धरली आणि सगळे गडी जागच्या जागी थरथरू लागले. ती चिडली, "असं कोण खेळतं?" मला लगोरी आठवली. मी तिला गप्प राहून नुसते पाहायला सांगितले. मग तिने नियम जोडला: 'खो मिळाल्यावर चार पावले धावल्याखेरीज पुढचा खो नाही.'

पालकांच्या मनात या सर्व वेळी एक प्रश्न घोळत असणार, याची मला जाणीव आहे. खेळाच्या नादाने मुले बिघडतात, त्यांना अजून त्यात कशाला लोटायचे? ही भीती निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून अमलात आलेल्या आजारांच्या वर्गीकरणात खेळण्यावरचा ताबा सुटणे हा एक विकार म्हणून नोंदलेला आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. खेळणाऱ्याला बांधून ठेवण्याच्या युक्त्या आज मोठ्या कौशल्याने रचल्या जातात.

परंतु घडले ते सांगतो. नातीने एके दिवशी आपल्या खो-खोत नवा नियम घातला: सलग सात दिवस खेळणाऱ्याला सोनेरी पोशाख, एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी विचारले, "हे कशासाठी?" ती सहज म्हणाली, "म्हणजे रोज येतील." म्हणाली आणि थबकली. तिच्या स्वतःच्या फोनवर असाच एक खेळ होता आणि त्याच्या मोजणीत खंड पडू नये म्हणून ती तापातही उठून बसली होती. दुसऱ्या दिवशी तो नियम तिने काढून टाकला. मी कारण विचारले नाही. रचणारा हात एकदा लाभला की फसवणूक ओळखणारा डोळाही लाभतोच, असा सिद्धान्त मी एका मुलीवरून मांडणार नाही. पण माझ्या सगळ्या उपदेशांनी जे साधले नव्हते ते त्या एका 'म्हणजे'ने साधले, एवढे मी पाहिले आहे.

शेवटी, या शाळेपुढे एक विनंती ठेवतो. आठवड्यातून एक तास मुलांना खेळ रचू द्यावेत. पहिले काही महिने संगणकाला हात लावू नये. खडू, कागद, चिंचोके आणि फाशांवर खेळ रचावा, त्याचे नियम मराठीत लिहावेत, आणि दुसऱ्या गटाने ते नियम अक्षरशः वाचून खेळून दाखवावेत. हा तास मराठीच्या शिक्षकांनी घ्यावा. नंतर तीन मुलांमागे एक संगणक पुरेल. स्क्रॅच विनामूल्य आहे. पुढे ज्यांना झेपेल त्यांच्यासाठी २०१४ पासून सर्वांना खुली असलेली 'गोडो' ही प्रणाली आहे. यातून सारेच खेळरचनाकार होतील असे नव्हे. तरी पुण्यातील एका छोट्या गटाने घडवलेला 'राजी' हा खेळ २०२० साली जगभर प्रसिद्ध झाला आणि त्याची नायिका एक भारतीय मुलगी आहे, हे मुलांच्या कानावर असावे. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजात मराठी ही घरात बोलायची आणि समारंभात ऐकायची भाषा होत चालली आहे. तिच्यात मुलांनी काही तरी घडवावे, आणि ते चालते की नाही हे तिथल्या तिथे पाहावे, असे प्रसंग फार थोडे उरले आहेत. हा एक प्रसंग आपल्या हाती आहे.

या व्याख्यानाचे मानधन त्या तासासाठी शाळेने ठेवून घ्यावे. आणि पुढे कोणी विद्यार्थी चार पानांचे टिपण घेऊन आला, तर ते कृपया शेवटपर्यंत वाचावे.

 गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून थांबतो.